तेहतीस भोकांची टाकी

ता. ३ मे, रविवार

मंद्रूपहून आत्ताच आलो. अंगावर धूळ तशीच आहे. आधी लिहितो, अंघोळ मग.

गाडी वळणात मेली. मंद्रूपच्या पुढं माळावर गाड्या पळवायला डांबरी ट्रॅक केलाय, त्याच्या टोकाला लांबलचक उजवं वळण आहे, तिथं. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. आत जावई विनायकराव, शेजारी आमची कल्पू. मागून निळी गाडी येत होती, ती एका हाताच्या अंतरावरून गेली. हात म्हणजे माझा हात, कोपरापासून बोटापर्यंत. मी कुंपणाला धरून उभा होतो.

जावईबापू हसत उतरले. "अण्णा, गाडीला ऊन लागलं." त्यांचे मित्र हसले. पोरगीही हसली, पण दाराच्या कडीवरचा तिचा हात सुटला नव्हता.

मीही हसलो. जावयापुढं दुसरं काय करणार.

४ मे, सोम.

झोप नाही. बी.पी.ची गोळी एकदा घेतली की दोनदा, आठवत नाही. सौ. म्हणते दोनदा. मग चक्कर येते ती त्याचीच.

सकाळी कल्पूला फोन केला.

"टाकीत पेट्रोल किती होतं?"

"पाव असंल. हे म्हणतात, कमी ठेवलं की गाडी हलकी पळती."

"पुढच्या वेळी भरून ठेवा म्हणावं."

"तुमी सांगा की."

मी कसा सांगू. चाळीस वर्षं टाक्या केल्या, ट्रॅक्टरच्या, टेम्पोच्या, पाण्याच्या टँकरच्या. पण शाळा सातवी, तीही नापास. विनायकराव पॉलिटेक्निकात मुलांना इंजिन शिकवतात. आणि मुख्य म्हणजे जावई. सहा वर्षांमागं त्यांच्या नव्या घराचा जिना चुकलाय असं एक वाक्य बोललो. जिना खरंच चुकला होता, अजून लोक तिथं ठेचकाळतात. पण पोरगी आठ महिने आमच्याकडं येऊन राहिली. सौ. मला त्याची आठवण करून देते, चहात साखर घालावी तशी, रोज.

म्हणून गप्प बसायचं. पण ती निळी गाडी डोळ्यांपुढून जात नाही.

७ मे, गुरु.

इस्माईलकडं गेलो. जावयांच्या गाडीचं काम तोच करतो. गाडी त्यांच्या वडिलांची, तीस वर्षांची, कार्ब्युरेटरवाली. आता अशा गाडीला हात लावणारा गावात हाच उरला. त्याला विचारलं, खरं काय ते सांग.

म्हणाला, "अण्णा, गर्मी-बिर्मी कुच नै. वळण में तेल बाजू कू भागता, पाइप हवा पीता. मैं साबकू बोल्या. साब बोले, तू नया पंप बिठा. बिठाऊंगा. मेरेकू क्या."

म्हणजे मला वाटलं तेच. टाकी चपटी, पेट्रोल ओढायची नळी उजव्या अंगाला. गाडी उजवीकडं वळली की पेट्रोल डावीकडं पळतं, नळी उघडी पडते. छोट्या वळणात कार्ब्युरेटरमधल्या साठ्यावर निभावतं. लांब वळणात तो साठा संपतो. बांधावरून कलता चालणारा ट्रॅक्टर असाच बंद पडायचा. मंगळवेढ्याकडचे लोक ट्रॅक्टर घेऊन यायचे, मी टाकीत पत्रा बसवून द्यायचो. त्यासाठी कॉलेज लागलं नाही.

पण मी सांगितलं तर ते टाकीवाल्याचं बोलणं. सायबांनी सांगितलं तर शास्त्र.

१० मे, रवि.

विनायकराव आणि कल्पू आमरसाला आले. जेवणं झाल्यावर धीर करून विषय काढला. सौ.नं डोळे वटारले, तरी काढला.

त्यांनी वहीचं पान मागितलं आणि त्यावर नळी काढून दाखवली. उन्हानं पेट्रोलची वाफ होते, ती नळीत अडकते, त्याला एक इंग्रजी नाव आहे. इलेक्ट्रिक पंप बसवला की मिटेल.

मी म्हणालो, "मग डावीकडं वळताना का अडकत नाही? उन्हाला डावं-उजवं कळतं का?"

ते मोबाईल बघत म्हणाले, "योगायोग असतो, अण्णा."

मला राहवलं नाही. परातीत तांब्याभर पाणी घेतलं. म्हटलं, ही टाकी, इथं उजव्या कडेला नळी, आणि हे वळण. वळलो, जरा जोरात वळलो. पाणी डाव्या कडेवरून थेट जावयांच्या मांडीवर.

ते रुमालानं पुसत राहिले. मग म्हणाले, "टँकरचं निराळं असतं, अण्णा. ही गाडी आहे."

कल्पू तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. ती हसत होती की रडत होती ते अजून कळलेलं नाही. संध्याकाळपर्यंत सौ. एकच वाक्य म्हणत होती. "आता ह्या वयात पुन्हा आठ महिने न्हाय जमायचं मला."

१७ मे, रवि.

पंप बसला. आज ट्रॅक होता. मला नेलं नाही, "ऊन फार आहे, अण्णा" म्हणून.

दुपारी कल्पूचा फोन. "बंद पडली."

"कुठं?"

"तितंच."

"तू आत होतीस?"

"व्हय."

फोन ठेवल्यावर ओट्यावर बसून राहिलो. सौ. आतून ओरडत होती, अधिक महिना लागला आज, अंघोळ न करता बसू नका. धोंड्याचा महिना. जावयाला जेवायला बोलवायचं, वाण द्यायचं. जावयाला द्यायचं, जावयाला वाढायचं, जावयाला ओवाळायचं. सांगायचं मात्र काही नाही.

१८ मे, सोम.

पहाटे एक गोष्ट सुचली.

वाण परतवता येत नाही. अधिकात सासऱ्यानं दिलेलं वाण जावयानं घ्यावंच लागतं, आणि वापरावं लागतं. मग टाकीच वाणात द्यावी.

सौ. चहा गाळत होती, तिला सांगितलं. गाळणी तशीच हातात धरून माझ्याकडं बघत राहिली.

"टाकी? जावयाला वाणात पत्र्याची टाकी? लोक अनारसे देतात, बत्तासे देतात."

"का देतात? त्याला जाळी असते म्हणून ना? वाण जाळीचं पाहिजे. टाकीत मी भोकांचा पत्रा घालणार आहे."

ती विचारात पडली. इथं मी जिंकलो असं वाटलं. मग म्हणाली, "भोकं किती?"

"चार."

"तेहतीस पायजेत. अधिकाचं वाण तेहतीसाचंच असतंय."

तिला समजावून थकलो. त्या पत्र्याचं काम पेट्रोलला अडवायचं आहे. त्याला खालच्या अंगाला करंगळी जाईल एवढी चारच भोकं लागतात. म्हणजे पेट्रोल सावकाश येतं, एकदम पळत नाही. तेहतीस भोकं पाडली तर तो पत्रा राहील का?

ती म्हणाली, "तेहतीस नसली तर त्ये वाण न्हाय. मग तो नुसता पत्रा हाय. नुसता पत्रा त्येंनी घेतला न्हाय तर काय करशिला?"

मी चहा घेऊन ओट्यावर जाऊन बसलो.

२१ मे, गुरु.

इस्माईलनं भंगारातून तसल्याच गाडीची टाकी आणून दिली. गंज आहे, पण तळ शाबूत. तीन पाण्यानं सोडा घालून धुतली. उन्हात उपडी ठेवली आहे. वास गेल्याशिवाय हात लावायचा नाही. टाकी रिकामी दिसते तेव्हाच ती वाईट. आतली वाफ दिसत नाही, ठिणगी पडली की भडकते.

दुकान भाड्यानं दिलं, तिथं आता मोबाईलची कव्हरं विकतात. ऐरण, कातरी आणि कथलाचा डाग द्यायचं सामान तेवढं घरी आणलं होतं. सौ. तीन वर्षं म्हणत होती, मोडीत घाला. बरं झालं ऐकलं नाही.

२६ मे, मंगळ.

भोकं पाडली. तेहतीस.

बारीक पाडणार होतो. सुईएवढी पाडली असती तर वाणही झालं असतं आणि कामही. पण सौ. म्हणाली, दिवा मागं धरला की उजेड आरपार दिसला पाहिजे, त्याशिवाय जाळी कसली. आणि घरात पंच एकच होता, अर्ध्या इंचाचा. दुसरा आणायला बाजारात जायचं तर त्रेचाळीस डिग्री ऊन.

उन्हाचं कारण मी लिहिलं. खरं कारण असं की मी कंटाळलो होतो. तिच्याशी बोलून कंटाळलो होतो. चालेल, म्हणालो मनात. चाळीस वर्षांत हा शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकला की मी त्याला परत पाठवायचो.

२८ मे, गुरु.

टाकीत पत्रा बसवला, पाणी भरून उचकटलेली वरची कड जुळवली, डाग दिला. पूर्वी कथील एका ओढीत जायचं, आता मुंग्यांच्या रांगेसारखं जातं. पण गळत नाही. रात्रभर भरून ठेवली होती, खालची फरशी सकाळी कोरडी होती.

बंद करायच्या आधी सौ.नं भोकं मोजून घेतली. दोनदा मोजली. पत्र्याला हळदीकुंकू लावलं.

३१ मे, रवि.

धोंड्याचं जेवण झालं. पुरणाचे धोंडे, तूप, कटाची आमटी. विनायकरावांना पाटावर बसवलं, पुढं तांब्याचं ताट, ताटात मावेना म्हणून टाकी पाटाशेजारी. वर निरांजन.

ते म्हणाले, "हे काय, अण्णा?"

सौ.च म्हणाली. "वाण हाय. तेहतीस जाळीचं. गाडीला बसवायचं. वापरलं न्हाय तर दोष लागतो."

त्यांनी कल्पूकडं बघितलं. कल्पूनं ताटाकडं. मग ते वाकून नमस्कार करून टाकी मांडीवर घेऊन बसले, सत्यनारायणाचा प्रसाद घ्यावा तसे. त्यांच्या भावानं फोटो काढला. तो फोटो त्यांच्या मित्रांत फिरला म्हणे. खाली काय लिहिलं होतं ते कल्पूनं सांगितलं नाही. मी तीनदा विचारलं.

पण घेतली. घ्यावीच लागली.

७ जून, रवि.

लिहावंसं वाटत नाही.

टाकी बसवलेली होती. इस्माईलनं नीट बसवली होती. मला या वेळी नेलं. पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीत लांब वळण. मी मनात आकडे मोजत होतो. पूर्वी तीनला खोकायची. तीन गेले, चार गेले. पाचला खोकली. बंद पडली नाही, पण धक्के खात, मान टाकत बाहेर आली. मागची गाडी बरीच मागं होती म्हणून निभावलं.

कल्पू आत होती.

विनायकराव बॉनेट उघडून आत बघत राहिले. ते बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांचा एक मित्र आहे, लाल टोपीवाला, तो मोठ्यानं म्हणाला, "सर, सासऱ्यांनी टाकी दिली का चाळणी?"

सगळे हसले. इस्माईल हसला नाही. तो माझ्याकडं बघतच नव्हता.

येताना होटगी रोडला मी उतरलो, म्हणालो चालत जातो. चाललो नाही, कट्ट्यावर बसून राहिलो.

८ जून, सोम.

चाळणीच होती ती. त्या टोपीवाल्याचं बरोबर आहे. अर्ध्या इंचाची तेहतीस भोकं म्हणजे पत्रा नव्हेच. पेट्रोल दोन मोजेपर्यंत थांबलं, मग निघून गेलं.

मला आधीच ठाऊक होतं, याची जास्त चीड येते. न शिकलेल्याची चूक असती तर माफ होती. ही माझ्याच धंद्यातली आणि माहीत असून केलेली.

टाकी परत आणून दुरुस्त करायला पाहिजे. सौ.ला सांगितलं तर ती देवापुढं वात करत होती, ती थांबली. "दिलेलं वाण परत घेता? डोकं ठिकाणावर हाय का? अधिक अजून संपला न्हाय."

म्हणजे वाण होतं म्हणून गेली, आणि वाण आहे म्हणून परत येत नाही. मीच विणलेली जाळी.

"तुझ्या तेहतीसनं घात केला," म्हणालो.

ती म्हणाली, "भोकं कुणी पाडली?"

१० जून, बुध.

सकाळी दारात स्कूटर वाजली. कल्पू. पाय ठेवायच्या जागी टाकी आडवी ठेवलेली, ओढणीनं बांधलेली. पाय दोन्हीकडं पसरून जुळे सोलापुरापासून चालवत आली. पेट्रोल काढून, पाण्यानं धुऊन आणली होती. मी सांगितलं नव्हतं.

"विनायकरावांना माहीत आहे का?"

"परीक्षेच्या कामाला गेल्यात. इस्माईलचाचांनी काढून दिली."

सौ. बाहेर आली. "वाण परत आणलंस?"

"वाण त्येंचंच हाय, आई. मी दुरुस्तीला आणलंय. चांदीचं ताट सोनाराकडं नेत न्हाईत का?"

सौ.ला पटलं नाही. आत गेली आणि भांडी आपटली.

मग कल्पू ओट्यावर बसली आणि म्हणाली, "अण्णा, रविवारी बायकांची फेरी हाय. मी चालवणार हाय."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"एकटी?"

"एकटीच असती की. शेजारी कोण बसवत न्हाईत त्यात."

"कुणी सांगितलं तुला? त्यांनी सांगितलं?"

"मीच म्हणलं. ते नको म्हणत हुते." आणि ओढणीची घडी घालत, "मला आवडतंय, अण्णा."

अडतीस वर्षांची आहे. मला हे आवडतं, असं तिनं माझ्यापुढं कधी म्हटल्याचं आठवत नाही. भरताची वांगी नको एवढं म्हणायची लहानपणी, आणि मी खायला लावायचो.

नको जाऊ, असं म्हणायचं होतं. तिनं टाकी आणली होती. मी म्हणालो, कड उचकटावी लागेल.

११ जून, गुरु.

दिवसभर काम. कल्पू पुन्हा आली.

एकोणतीस भोकं बुजवली. खालची चार ठेवली, तीही निम्मी करून. पत्र्याच्या तळाला पितळेची पातळ झडप बिजागरीवर सोडली. पेट्रोल नळीकडं येताना ती उघडते, परत पळायला लागलं की त्याच्याच रेट्यानं बसते. नळीच्या भोवती डबी केली, खाली बारीक वाट ठेवून. जादा पेट्रोल परत आणणारी नळी त्याच डबीत सोडली, म्हणजे डबी भरलेली राहील.

कल्पूनं पत्रा धरला. डाग देताना पत्रा कसा धरायचा, उष्णता कुठून येते, हात कधी सोडायचा, सगळं बरोबर. मी विचारलं, कुणी शिकवलं.

"तुमीच. दुकानाच्या दारातनं बघत हुते. आत येऊ द्यायचा न्हाईत."

पुढचा डाग वाकडा गेला. तो खरवडून पुन्हा दिला.

संध्याकाळी फळीवर टाकी कलती करून पाण्यानं बघितलं, हातपंपानं ओढून. तिसरा हिस्सा पाणी, उजव्या वळणासारखी कललेली. पंधरापर्यंत मोजलं. पाणी येत होतं, बुडबुडा नाही. त्याहून कमी पाण्यावर बघायचं होतं, पण हातपंपाचं चामडं फाटलं. आणि पाणी म्हणजे पेट्रोल नव्हे. पाणी जड असतं, शहाणं असतं.

टाकी बंद व्हायच्या आधी सौ.नं बुजवलेली भोकं बघितली होती. रात्री जेवली नाही. उपास आहे म्हणाली. एकादशी खरी, पण दुपारी भाकरी खाल्ली होती.

१३ जून, शनि.

इस्माईलनं टाकी चढवली. विनायकरावांना कळलं आहे. कल्पूनंच सांगितलं. ते काय म्हणाले विचारलं तर म्हणाली, "काही न्हाय. बघू म्हणले."

उद्या काही झालं तर सौ. म्हणेल, वाण मोडलं म्हणून झालं. काही झालं नाही तर जावई म्हणतील, पंपानं भागलं. टाकीचं नाव कुणी घेणार नाही. न घडलेल्या गोष्टीचा कारागीर कोण, हे कुणी विचारत नसतं. चाळीस वर्षांत किती टाक्या गळल्या नाहीत, त्याचं कुणी येऊन सांगितलं नाही. जी एक गळली, तिचा मालक मात्र दुधनीहून आला होता शिव्या द्यायला.

असं लिहू नये. उद्या पोरगी जाणार आहे आणि मी नावाचा विचार करतो.

१४ जून, रविवार. ट्रॅकवर.

वही बरोबर आणली. हाताला काही काम पाहिजे.

टेम्पोच्या सावलीत बसलोय. कल्पूच्या दोन फेऱ्या झाल्या. दोन्हींना टाकी पूर्ण भरलेली. लांब वळणात मी आठपर्यंत मोजलं, गाडी सरळ ओढत गेली. एकदाही खोकली नाही. ती चालवते कशी, ते मी आज पहिल्यांदा बघितलं. वळणात शिरण्याआधीच वेग कमी करते आणि मग मागं बघत नाही. विनायकरावांपेक्षा बरी चालवते. हे मी कुणाला सांगणार नाही.

विनायकराव टोपीवाल्याला म्हणत होते, "पंप सेट झाला शेवटी."

मग ते माझ्याकडं आले. समोर उकिडवे बसले, पँटला माती लागेल याचा विचार न करता. म्हणाले, "अण्णा, तिसरी फेरी वेळेची आहे. पहिल्या तिघींत येण्यासारखी आहे ती. वजन कमी करायचंय. किती पेट्रोल ठेवू?"

दीड महिना या एका प्रश्नासाठी जीव जळत होता माझा. विचारला. सगळ्यांसमोर, अण्णा म्हणून, खाली बसून.

कल्पू त्यांच्या मागं उभी होती, हेल्मेट काखेत. "अण्णा सांगतील तेवढंच ठेवायचं," म्हणाली.

"पाव," मी म्हणालो.

ती "बरं" म्हणाली आणि गेली. एक प्रश्न विचारला नाही.

मी पाव का म्हणालो ते लिहून ठेवतो, दुसरीकडं कुठं बोलणार नाही. टाकी भरलेली असली की कुठलीही गाडी खोकत नाही. माझी टाकी असो, जुनी असो. भरलेल्या टाकीवर माझं काम दिसत नाही. पाववर दिसतं. म्हणून.

फळीवर तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच बघितलं होतं. त्याच्या खाली काय होतं, मला माहीत नाही.

कल्पूच्या आधी दोन बाया आहेत, मागं अजून काही; थोड्या थोड्या अंतरानं सोडतात. पहिली आत्ता सुटली. इस्माईल गाडीच्या मागं बसलाय, टाकीतून नळीनं डब्यात पेट्रोल काढतोय. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, भुवई वर करून. इतकं काढू का, असं. मी मान हलवली. कशी हलवली ते मलाच नीट कळलं नाही, पण तो काढतोय.

उठून थांबवलं तर म्हणावं लागेल की मला खात्री नाही. जावयासमोर, टोपीवाल्यासमोर. आणि तिच्यासमोर. तिनं तर विचारलंसुद्धा नव्हतं.

दुसरी बाई गाडीत बसली. कल्पू हेल्मेटचा पट्टा लावते आहे. पट्टा बसत नाही, विनायकराव लावून देतायत.

गाडीपर्यंत पन्नास पावलं असतील इथून. गुडघे दुखतात, तरी पन्नास पावलं.

डबा अजून भरला नाही. नळीतून पेट्रोल येतंय.